अकराव्या पावलावरचा उंबरठा

मित्रांनो, उंबरठ्यावर बसायचं नाही, उंबरठ्यावर उभं राहून शिंकायचं नाही, एवढं तुम्हाला घरच्या मोठ्यांनी सांगितलं असेलच. ज्याच्यासाठी हे सारे नियम, तो मी. मी एक जुना, सागाचा उंबरठा आहे. ठाकूरद्वारच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधे मी आडवा पडून आहे. पडून आहे म्हणजे निवांत आहे, असं मात्र समजू नका. गेल्या दिवाळीपासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

एका मोठ्या ओंडक्यातून या घराचे दरवाजे झाले, खिडक्या झाल्या आणि उरल्या तुकड्याचा मी झालो. रंधा मारताना सुतार म्हणाला होता, ‘हा सगळ्यांच्या आधी झिजेल आणि सगळ्यांच्या नंतर मोडेल.’ नव्वद वर्षं झाली, त्याचं अर्धं म्हणणं खरं ठरलं आहे. माझ्या मधोमध पायांनी घासून घासून एक खोलगट जागा झाली आहे. ती कुणी कोरलेली नाही.

बाहेरच्या दाराशी माझा थोरला भाऊ होता. मागे घराची डागडुजी झाली तेव्हा त्याला काढून तिथं गुळगुळीत संगमरवरी पट्टी बसवली. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्याचं हळदीकुंकू माझ्या वाट्याला आलं तेव्हा थोडं बरंही वाटलं. तेव्हापासून घरची सरोजिनी दर शुक्रवारी मला पुसते आणि दोन टोकांना हळदीकुंकवाची बोटं लावते. पूर्वी पाहुण्यांना मला दाखवून ‘अस्सल साग आहे हो’ असं सांगायचे. हल्ली कुणी सांगत नाही. तेलपाणी तर कित्येक वर्षांत मिळालेलं नाही.

या घरातला चिंतामणी माझ्या डोळ्यांसमोर वाढला. रांगायचा तेव्हा माझ्यावर पोट टेकून अडकायचा आणि रडायचा. पुढं तो कारकून झाला, सरोजिनीशी लग्न झालं, मुलगा झाला पुष्कर, सून आली नूपुर. आता तो एकोणऐंशी वर्षांचा आहे, तरी माझ्या लेखी चिंतूच. सरोजिनीचे गुडघे गेल्यापासून सकाळचा पहिला चहा तो करतो. पावणेसहाला उठतो, चहा करतो आणि कप तिच्या हातात देतो. नोकरी संपली, मित्र एकेक करून गेले, बँकेची कामं मुलाच्या फोनवर गेली. त्याच्याकडे एवढं एकच काम उरलं आहे आणि त्यावर तो भारी खूश आहे.

आता एक गुपित सांगतो. दीड वर्षापूर्वी मला त्याच्या पावलांत फरक जाणवला. तो हळू चालू लागला आणि खाटेपासून निघाला की पुटपुटू लागला. ‘आठ, नऊ, दहा, अकरा.’ अकराव्या पावलाला त्याच्या उजव्या पायाचा अंगठा मला लागायचा. अंगठ्यानं तो माझी खोलगट जागा चाचपायचा. ती सापडली म्हणजे आपण दाराच्या बरोबर मधे आहोत. मग मला ओलांडून डावीकडे दोन पावलं, की ओटा. चिंतूला दिसेनासं झालं होतं. वर्तमानपत्र तो रोज तासभर धरून बसायचा, पण पान उलटायचा नाही. घरात त्यानं कुणाला सांगितलं नाही. कळलं असतं तर गॅसपासून त्याला पहिल्याच दिवशी दूर केलं असतं. कधी कधी अंगठा लागला की तो हळूच म्हणायचा, ‘आहेस ना रे?’ मी लाकूड, मी काय बोलणार! पण कुणीतरी मला असं विचारावं याचा मला फार अभिमान वाटायचा.

दिवाळीनंतर कामवाली बाई गावी गेली ती आलीच नाही. रस्त्यावर खोदकाम चालू होतं, घरात सतत कचकच यायची. सरोजिनीला पायाखाली एक कण चालत नाही. ती झाडू घेऊन वाकायची आणि कंबर धरून बसायची. शेवटी एका रविवारी नूपुर म्हणाली, “आई, आपण रोबो घेऊ या. केर काढतो, लादीही पुसतो.”

झालं! त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. पुष्कर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा. एकाची केर खेचायची ओढ चांगली, पण त्यात केस अडकतात. दुसरा स्वतःचा कचरा स्वतः रिकामा करतो, पण त्याच्या बसायच्या जागेलाच अख्खा कोपरा लागतो. तिसरा इतका उंच की कपाटाखाली शिरणार नाही.

“मराठी बोलतो का तो?” सरोजिनीनं विचारलं.

“बोलायचं कशाला, आई? केर काढायचाय त्याला.”

“मग ‘इथं राहिलं बघ’ हे मी सांगायचं कुणाला?”

मी मजेत ऐकत होतो. पण एका संध्याकाळी पुष्कर टेप घेऊन आला आणि माझ्यापुढं गुडघे टेकून बसला. त्यानं माझी उंची मोजली.

“सव्वादोन इंच. संपलं. हा साधा रोबो पाऊण इंच चढतो. महागातला दीड.”

“म्हणजे स्वयंपाकघरात जाणारच नाही?” नूपुर म्हणाली. “अरे, तेलकट लादी तर तिथंच असते!”

“मग उंबरठा काढावा लागेल.”

मित्रांनो, त्या क्षणी काय वाटलं ते कसं सांगू? माझ्या लाकडाचा रेशा न् रेशा ताठला. मला वाटलं, चिंतू आता बोलेल. तो बोललाही, पण भलतंच.

“उंबरठा काढणं अशुभ असतं,” तो म्हणाला. “लक्ष्मी जाते घरातून.”

पुष्कर हसायला लागला. “बाबा, तुम्ही? सत्यनारायणालाही न बसणारे?”

“आता पटायला लागलंय.”

“बाबा, खरं कारण सांगा ना.”

चिंतूनं वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. मी सरोजिनीकडे आशेनं पाहिलं. मला हळदीकुंकू लावणारी तीच, ती तरी ‘नको’ म्हणेल! पण ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “काढून टाका तो. लवकर काढा.” चाळीस वर्षांचे शुक्रवार माझ्या मनात आले. मला तिचा राग आला.

पुढचे आठ दिवस माझे तळमळण्यात गेले. लॅपटॉप उघडला की मी धसकायचो, बेल वाजली की सुतार आला वाटायचं. चिंतू मात्र रोज सकाळी माझ्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ अंगठा ठेवून उभा राहायचा. तो उठता बसता पावलं मोजत होता. अकराव्या पावलाला माझ्याविना थांबता येतं का, याचा सराव करत होता बिचारा.

शनिवारी दुपारी फणसवाडीतून मयूर सुतार आला. त्यानं पटाशी घातली, हातोडा मारला आणि मी नव्वद वर्षांनी जागचा हललो. “वहिनी, लाकूड अजून टणक आहे हां. टाकू नका,” तो म्हणाला. माझ्या जागी त्यानं सिमेंट सपाट केलं आणि मला स्वयंपाकघरात सिलिंडरशेजारी भिंतीला टेकवून उभं केलं. आयुष्यात प्रथमच मी उभा राहिलो आणि मला मुळीच आवडलं नाही. संध्याकाळी रोबोही आला. मोठा, काळा, चपटा, गोल. पुष्करनं त्याला सकाळी सहाची वेळ लावून दिली.

रविवारी पावणेसहाला चिंतू उठला. मी कोपऱ्यातून बघत होतो. ‘नऊ, दहा, अकरा.’ त्यानं अंगठा पुढं केला. काही नाही. त्यानं अंगठा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मला ओरडावंसं वाटलं, ‘चिंतू, मी इथं आहे, उजवीकडे!’ तो मागं फिरला, खाटेपासून पुन्हा मोजत आला. या वेळी पावलं लहान पडली. डावीकडे वळला तो चौकटीवर खांदा आपटला. कसाबसा ओट्यापाशी पोचला, पण रोजच्या जागी नाही. एका शेगडीचं बटण फिरवलं आणि लायटर दुसऱ्याच शेगडीवर धरला. टक्. टक्. टक्. गॅसचा वास सुटला. घाबरून बटण शोधताना त्याचं कोपर लागलं आणि रात्री तापवून ठेवलेलं दुधाचं पातेलं धाडकन खाली आलं.

सरोजिनी गुडघे विसरून धावत आली. तिनं आधी बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि मग त्याचा हात धरला. “लागलं का कुठं?”

“नाही गं. दूध सांडलं.”

तोवर पुष्कर आणि नूपुर दारात आले होते. “बाबा, निदान लाइट तरी लावायचा ना!” पुष्कर म्हणाला.

“लाइट लावलेलाच आहे, पुष्कर,” सरोजिनी म्हणाली.

पुष्करनं वर पाहिलं. डोक्यावर ट्यूबलाइट लख्ख जळत होती.

“मधलं दिसत नाही रे,” चिंतू हळूच म्हणाला. “कडेचं दिसतं. तुझ्या तोंडाकडे बघतो तेव्हा तुझे कान दिसतात.”

“कधीपासून?”

“दीड वर्ष.”

“आणि एका घरात राहून आम्हाला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर हिचा चहा बंद झाला असता.”

सरोजिनीनं पदरानं त्याचे दुधाचे हात पुसले. “मला माहीत होतं,” ती म्हणाली. “साखरेच्या डब्याला रबर कुणी लावलं असं वाटतं तुम्हाला?”

“मला वाटलं, मुंग्यांसाठी लावलं असेल.”

“मुंग्या रबराला भितात होय? चहाचा डबा कोणता आणि साखरेचा कोणता ते हाताला कळावं म्हणून लावलं. तुम्हाला बोलायचं नव्हतं, मग मीही बोलले नाही.”

“मग उंबरठा का काढायला लावलास?”

“अहो, अडखळून पडाल म्हणून! रोज पहाटे माझा जीव टांगलेला असायचा. अंथरुणात पडून कान देऊन बसायची मी.”

“त्याला अंगठा लागला की मला कळायचं गं, मी कुठं आहे ते.”

सरोजिनीनं कोपऱ्यात, माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. माझा सारा राग गेला, मित्रांनो. तिनं मला काढायला लावलं होतं ते त्याच्यासाठी, आणि त्याला मी हवा होतो तो तिच्या चहासाठी. दोघांनी एकमेकांना जपलं आणि मधल्या मधे मी भिंतीला लागलो!

तेवढ्यात सहा वाजले. बाहेरच्या खोलीत टुंग टुंग वाजलं आणि रोबो निघाला. माझ्या सपाट झालेल्या जागेवरून तो ऐटीत स्वयंपाकघरात शिरला, थेट दुधात गेला आणि तसाच वळून बाहेर. मागं पांढरे पट्टे.

“पुष्कर, थांबव त्याला!”

“कुठून थांबवतात? फोन कुठाय माझा?”

“काय झालं? काय झालं?” चिंतू विचारू लागला. पूर्वी त्यानं असं कधी विचारलं नव्हतं, दिसतंय असं दाखवून गप्प बसायचा.

“अहो, तो दुधानं घर सारवतोय,” सरोजिनी म्हणाली. आधी चिंतू हसला, मग नूपुर, मग सगळेच.

सोमवारी मयूर परत आला. “काका, काढायचा की बसवायचा ते एकदा ठरवा,” असं कुरकुरत त्यानं सिमेंट फोडलं आणि मला जागेवर बसवलं. सरोजिनीनं मला तेल लावलं. नूपुर चिंतूला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते टिकेल, असं ते म्हणाले. गॅसवरून वाद झाला. पुष्कर म्हणाला, चहा बंद. सरोजिनी म्हणाली, “चहा हेच करतील, मी शेजारी खुर्ची टाकून बसेन.” तिच्यापुढं कुणाचं काही चाललं नाही.

तो मोठा रोबो परत गेला. पुन्हा लॅपटॉप निघाला, पण आता ओढ, केस, उंची हे सगळे प्रश्न खाली गेले होते. पहिला प्रश्न होता, उचलायला हलका आहे का? तसा एक मिळाला. तो बाहेरची खोली झाडतो आणि माझ्यापाशी येऊन ठक् ठक् धडका मारतो. आवाज ऐकला की चिंतू उठतो, वाकून त्याला उचलतो, अंगठ्यानं मला चाचपतो आणि पलीकडे ठेवतो. आता त्याच्याकडे दोन कामं झाली आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात नवीन यंत्रं येऊ देत. मला त्यांचा मुळीच राग नाही. पण त्यांच्यासाठी जुनं काही उखडण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा. आणि एखादं माणूस खरं कारण न सांगता उगाच शुभ-अशुभ बोलू लागलं, तर हसू नका. त्याच्याजवळ जरा जास्त वेळ बसा.

माझी तळमळ अजून पुरती गेलेली नाही. टेपचा आवाज आला की धस्स होतं. पण पहाट झाली की बरं वाटतं. चिंतू आता पुटपुटत नाही, मोठ्यानं मोजतो. “आठ, नऊ, दहा,” म्हणून थांबतो, आणि अंथरुणातून उठता उठता सरोजिनी म्हणते, “अकरा!” मग त्याचा अंगठा मला लागतो.