चिंध्यांचं कापड

शाळेच्या हॉलमध्ये तिसरीच्या मुलांनी आफ्रिकेतल्या कलेवरून केलेली कामं मांडली होती. शिंप्याच्या मुलीची पाळी आली. ती म्हणाली, “तिकडे काही ठिकाणी अरुंद पट्ट्या विणून त्या जोडतात. मी बाबांच्या दुकानातल्या चिंध्या जोडल्या.”

“बाबांनीच शिवून दिलं असणार,” कुणाची तरी आई हसत म्हणाली.

मुलीचा चेहरा पडला. मागे उभा असलेला शिंपी पुढे आला. चष्मा लावून त्याने ते कापड उलटसुलट पाहिलं.

“इतकी वाकडी शिवण माझी असती, तर एकही गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं नसतं.”

हशा पिकला. मग त्याने दोन पट्ट्या धरून जोरात ओढल्या. “पण टाका पक्का आहे.”

बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. मुलगी त्यानंतर येईल त्याला कापड ओढून बघायला लावत होती.