मेहुण्याने मारलेला नावाडी

वेल्डर दर रविवारी जेवणाच्या टेबलावर स्वतः रचलेला खेळ चालवायचा. गोष्ट तो सांगायचा, बाकीचे त्यातली पात्रं होऊन फासे टाकायचे. आज मात्र मेहुणा चिडवायच्याच तयारीने आला होता.

"दाजी, ही नदी, हा नावाडी अशाच खेळाच्या छापील पुस्तकातून उचललाय तुम्ही. मीही घेतलंय ते. आयत्या बिळावर नागोबा! पुढच्या रविवारपासून खेळ मी चालवणार, माझ्या घरी."

"नदी आवडली म्हणून घेतली," वेल्डर म्हणाला. "माणसं माझी आहेत."

"पुस्तकात नावाडी फितूर असतो." मेहुण्याने फासा टाकला. खेळातल्या त्याच्या पात्राचा बाण थेट नावाड्याच्या छातीत घुसला.

"मेला," वेल्डर थंडपणे म्हणाला. "आता नाव खडकांकडे चाललीय. वाट फक्त त्यालाच ठाऊक होती."

"हे तुम्ही आत्ता बदललंत."

"गेल्या रविवारी नावाड्यानेच सांगितलं होतं ते," शेजारची नर्स दातओठ खात म्हणाली. तिचं पात्रही त्याच नावेत होतं. "तेव्हा तू पुस्तकात डोकं खुपसून बसला होतास. आता पोहायचं कसं, तेही त्यातच बघ."

पुढच्या रविवारी आपल्या घरी कोण येणार, हे मेहुण्याने विचारलंच नाही.