मीटर थांबलेलं घर

“मीटर बघायचाय हो वहिनी, कुत्रं बांधा!”

ही हाक तिच्या कानात अजून ओली आहे. बाबा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे आणि सुट्टीच्या दिवसांत ती त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून जायची. एकेका अंगणात बाबा उकिडवे बसत, काचेवरची माती अंगठ्याने पुसत आणि स्वतःशीच गुणगुणत :

थेंब थेंब गं मोजिला, घडा कुणाचा भरिला,
मोजणाऱ्याच्या हाताला ओलावा ना उरला.

आता ती त्याच खात्याच्या संगणक विभागात बसते. घरचे मीटर, पंपांवरची, टाक्यांवरची अशी खात्यातली जेवढी म्हणून मोजणारी यंत्रं, त्या सगळ्यांचा अर्थ संगणकाला समजेल असा आराखडा तिला बांधायचा होता. नुसत्या आकड्याला काय कळतं? हा आकडा कुठल्या मीटरचा, मीटर कुठल्या घरचा, आकडा वाढला तो कशाने? शून्यावर आला, तर मीटर बदलला म्हणून, की आकडे संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले म्हणून? एकेक नातं उलगडून सांगावं लागतं. तिच्या पडद्यावर चौकटी आणि बाणांचं जाळं पसरलेलं असे.

“ताई,” शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणायचा, “नळांची वंशावळ काढून झाली की माझंही कुठे जमवा. नाती जुळवण्यात तुमचा हात कोण धरणार?”

ती हसायची. हसून पुन्हा पडद्याकडे वळायची.

“बाई, एक नियम राहिलाय,” साहेब टेबलाशी येऊन म्हणाले. “वर्षभर मीटर हलला नाही, की घर रिकामं धरायचं. जोडणी आपोआप बंद.”

“असं कसं धरता येईल, साहेब? वाढ झाली की मीटर सांगतो. का झाली नाही, ते त्याला कुठे माहीत असतं? तो अडकलेलाही असेल.”

“एक उदाहरण दाखवा, नियम मागे घेतो.”

न हललेल्या मीटरांत तिने शोधाशोध केली, आणि वडिलांच्याच घरचा मीटर समोर आला. तिला आनंद झाला. याहून भक्कम उदाहरण कुठलं? रोज संध्याकाळी बाबांचा फोन यायचा.

“बागेला पाणी घालतोय गं चिमणे. तुमची जेवणं झाली?”

“बसतोच आहोत आम्ही दोघं.”

फोन ठेवून ती एकच ताट वाढून घ्यायची. गावातल्या गावात माहेर, पण बरेच दिवसांत जाणं झालं नव्हतं. एकटी गेली असती तर प्रश्न आलाच असता.

“इथे माझे वडील राहतात,” ती साहेबांना ठामपणे म्हणाली. “मीटर बिघडलाय. मिस्त्री पाठवा.”

मिस्त्री दुपारी परत आला. डोक्यावरची टोपी काढून उगाच हातात फिरवत राहिला.

“ताई, मीटर ठणठणीत आहे. शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली. नळ सोडला तर आधी नुसतीच हवा फुसफुसली, मग तांबडं पाणी आलं. मीटर लगेच फिरायला लागला. घरात कोणी राहत नाही. काकू म्हणाल्या, ते केव्हाचे वृद्धाश्रमात असतात.”

साहेबांनी ऐकलं होतं. “म्हणजे नियम बरोबर,” ते हळूच म्हणाले.

तिने आराखड्यात मीटरपासून एक नवा बाण काढला आणि त्याच्या टोकाला ‘कारण’ अशी चौकट केली. आत काहीच लिहिलं नाही. “ही भरल्याशिवाय जोडणी तोडायची नाही, साहेब.”

“आणि भरणार कोण?”

“कोणीतरी जाऊन,” ती म्हणाली आणि तिने पर्स उचलली.

वृद्धाश्रमाच्या अंगणात बाबा रबरी नळी धरून उभे होते.

“आलीस? काकूंनी फोन केला होता, खात्याचा माणूस येऊन गेला म्हणून.”

“रोज खोटं बोलत होता, बाबा?”

“पाणी घालतोय, म्हणायचो ना? मग हे काय करतोय?” ते एकटेच हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, “त्या घरात भिंतींशी तरी किती बोलायचं? इथे निदान भांडायला माणसं आहेत. तो टकल्या बघ, पत्त्यांत लबाडी करतो.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तू घेऊन गेली असतीस. तुमच्या राजाराणीच्या संसारात माझी अडगळ कशाला?”

नळाच्या बुडाशी एक मीटर होता. बाबा सवयीने उकिडवे बसले, काच अंगठ्याने पुसली. आतला लाल काटा गरगर फिरत होता. तीही शेजारी बसली, दांडीवर बसायची तशी, त्यांना अगदी चिकटून.

“जावईबापू नाही आले?”

‘कामात आहेत’ हे शब्द ओठांवर तयार होते. रोजचेच होते. तिने हात पुढे करून नळ बंद केला. काटा मंदावत मंदावत थांबला.

“बाबा, ते कधीच निघून गेले. मी एकटीच जेवते.”