पारव्वाची हाडं

पारव्वा पटकीनं गेली, असं तिचा नवरा बसाप्पा सांगायचा. तो कोल्हापुरातला गुळाचा बडा व्यापारी, त्यामुळं कुणी शंका काढली नाही. वर्षाच्या आत त्यानं दुसरं लग्नही केलं. गप्प बसली नाही ती पारव्वाची थोरली बहीण गंगव्वा. पेठ वडगावात म्हशी सांभाळणाऱ्या या विधवेनं बहिणीचं आजारपण पाहिलं होतं. महिनोन्महिने उलट्या, तळपायांना मुंग्या, झडणारे केस. पटकी माणसाला इतकी रेंगाळत ठेवत नाही.

पोलिसांनी तिला हाकलून दिलं, तेव्हा ती सरकारी डॉक्टर नृसिंहरावांकडं गेली.

"विष म्हणून सोमल, म्हणजे आर्सेनिक, दिला असेल तर तो हाडांत, केसांत उतरतो. कित्येक वर्षांनीही सापडतो," ते म्हणाले. "पण उकरावं लागेल. तयारी आहे?"

"हाय."

१९५२ साली मामलेदारांचा हुकूम निघाला. कोल्हापुरातल्या लिंगायतांच्या रुद्रभूमीच्या, म्हणजे दफनभूमीच्या, दारात समाजाचे पंच आडवे उभे राहिले.

"पुरलेल्या माणसाला उठवणं पाप हाय, बाई. वाळीत टाकू तुला."

"टाका की. माझ्या भणीला इख घातलं, तवा पाप कुठं गेलतं?"

तिथं बायका जात नसत. ती त्यांना बाजूला सारून आत गेली.

माती निघाली, हाडं दिसली, आणि पारव्वाची वेणी. गंगव्वाचा हात आपोआप पुढं गेला. डॉक्टरांनी तो हळूच धरला. त्यांनी हाडं, केस बरण्यांत भरले. खड्ड्यातली माती घेतली, लांबची माती वेगळी घेतली.

"विष मातीतूनच झिरपलं, असं बसाप्पाचा वकील म्हणणार," त्यांनी तिला समजावलं.

वकील तसंच म्हणाला. पण मुंबईच्या तपासणीत हाडांत, केसांत सोमल भरपूर निघाला, आणि कुठल्याच मातीत नावालाही नाही. मग बसाप्पाच्या दुकानातल्या नोकराला, पिराजीला, धीर आला. उंदरांसाठी म्हणून मालकांनी आपल्याकडूनच सोमल आणवला होता, असं त्यानं कोर्टात सांगितलं. बसाप्पाला जन्मठेप झाली.

हाडं परत मिळाली. पंच म्हणाले, "आधी माफी माग, मग जागा देऊ."

"मी न्हाय मागत. जागा बी नगं."

तिनं वडगावला आपल्या रानात स्वतः खड्डा खणला आणि बहिणीला पुरलं. सोबतीला कुणी आलं नाही. मनसोक्त रडून ती धारा काढायला गेली.

पंचांनी वाळीत टाकल्यामुळं वडगावात तिचं दूध कुणी घेईना. मग ती सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला जाऊ लागली, आणि पंचांच्याच गल्लीत "दूध घ्या, दूध" अशी मोठ्यानं आरोळी देऊ लागली.