जळबाच्या हळदीतली इर्जिक

सोजरामाय आणि जळबाचं भांडण लागलं की आमची वाडी हातातलं काम टाकून पारापाशी जमते. फुकटची करमणूक आम्ही कधी सोडत नाही. त्या दिवशी कारण होतं जळबाची कोमल. दुसऱ्या दिवशी कळमनुरीला तिचा दहावीचा पहिला पेपर, आणि बापाने सांगितलं होतं, पेपर राहू दे, हळद काढायला चल.

सोजरामाय म्हणजे आमच्या आंध आदिवासींच्या वाडीतली सगळ्यात थोरली बाई. सत्तरी केव्हाच ओलांडली. वाडीला शाळा नव्हती तेव्हा बायांना घेऊन तालुक्याच्या साहेबाच्या दारात बसली, ती मास्तर मिळाल्यावरच उठली. स्वतः नातवाच्या पाटीवर अक्षरं शिकली. अजूनही सकाळी काठी टेकत दारोदार फिरते. लेकरू शाळेला निघेपर्यंत हलत नाही, आणि तोवर चहा मागत राहते. आमच्या घरची किती साखर तिने संपवली देव जाणे, पण माझी दोन्ही पोरं शिकली.

"पोरीच्या पायावर काहून धोंडा पाडून राहिला रं जळबा?"

"म्या काय पाडला? परवा कुकर येनार हाय हळद शिजवायला. पाळी हुकली तर तो पुन्हा लवकर येत न्हाई. सारी हळद आजून भुईतच हाय. कोमलची माय रूपा, तिच्या हाताला कुदळ लागली. एकटा म्या काय काय करू?"

"मंग मानसं बोलाव की."

"आत्ता? समद्या मुलखाची हळद निघून राहिली, मजूर कुठं गावतो? का आता पोरीच्या पेपरासाठी इर्जिक घालू?"

हे तो चिडून बोलला, पण चारचौघांत बोलला. इर्जिक घालायची म्हणजे ज्याचं काम अडलं त्याच्या शेतात सगळ्या वाडीने मजुरी न घेता राबायचं, आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. बोललेली इर्जिक मागे घेणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मला नाही. म्हातारीचे डोळे लकाकले.

"आयकलं का रं समद्यांनी? जळबा इर्जिक घालून राहिला!"

"आवं माय, म्या तसं न्हाई..."

"सोमेश्वर, थाळी घे अन् वाजव घरोघर. उद्या दिस उगवायला जळबाच्या हळदीत. जेवन बोकडाचं!"

बोकड ऐकून जळबा मटकन खाली बसला. "माय, निदान वरन-भात तरी म्हना!"

पण सोमेश्वर थाळी बडवत पुढच्या आळीला पोचलाही होता.

सकाळी सगळी वाडी रानात. एरवी जळबाशी न बोलणारेही आले. बोकडापुढे कसलं भांडण? काढणीसाठी आठ-पंधरा दिवस पाणी तोडलेलं, काळी भुई टणक झालेली, ढेकूळ फुटता फुटत नव्हतं. पुरुष खणत होते, बाया गड्डे मोडून ढीग लावत होत्या. जळबाने शेवटचा डाव टाकला.

"एवढ्या मानसांचा सैपाक रूपाच्यानं एका हातानं व्हनार न्हाई. कोमलला ठिवतो."

"इर्जिक ज्याची, चूल त्याची," सोजरामाय म्हणाली. "बस पाट्यावर. वाट मसाला."

कोमल सोमेश्वरच्या गाडीवर बसून गेली आणि जळबा दुपारपर्यंत मसाला वाटत बसला. बाया पाणी प्यायचं निमित्त करून त्याला बघून जात होत्या.

कोमल परत आली तेव्हा उन्हाने डोकी तापली होती आणि वावर बहुतेक मोकळं झालं होतं. "बरा गेला माय," एवढंच म्हणाली आणि ओढणी खोचून बायांत वेचायला बसली. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

जळबा हळदीच्या ढिगाकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "कोमल, आनखी किती पेपर हायत गं?"

"लई हायत, बाबा."

"मंग गव्हाची सोंगनी कोन्त्या पेपराला धरावी?"

"पेपर तिचे, बोकडं तुझी," सोजरामाय म्हणाली. "हायत का तितकी?"

सगळं रान हसलं. पण एक झालं, त्या दिवसापासून जळबाच्या तोंडी 'पेपर राहू दे' कधी आलं नाही. उलट रोज विचारायचा, आज कशाचा हाय?

इर्जिकीच्या दुसऱ्या दिवशी सोजरामाय काठी टेकत निघाली, तर सोमेश्वर वाटेतच उभा. त्याची दिपा वर्षापूर्वी सातवीतून घरी बसलेली. तिच्यासाठी म्हातारीने त्याच्या दाराच्या किती खेपा केल्या असतील!

"माय, दिपाला पुन्हा साळंत घेतील का हो?"

"घेतील की. पन तुला आज कुठून सुचलं?"

सोमेश्वरने डोकं खाजवलं. "आमची हळद तर जळबाच्या दुप्पट हाय. दिपा दहावीला गेली म्हंजी आमच्याबी रानात इर्जिक..."

म्हातारीने काठी उगारली, पण हसूच आवरेना. "आरं मुडद्या, दहावीला आजून तीन सालं हायत तिची!"

"हू द्या की. म्या बोकड आत्ताच घिऊन ठिवतो."

तिकडे दिपा दप्तर झटकून केव्हाच घराच्या अंगणात येऊन थांबली होती. गणवेश गुडघ्यावर चढला होता. बापाचा डोळा इर्जिकीवर आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि सोजरामायने ते कुणाला तिच्याजवळ बोलूही दिलं नाही.