कानबाईची गाणी आणि नवी डिस्क

आमच्या ह्यांना नारळ कुठे फोडावा याचं भान नाही. धुळ्यात गल्लीतलं टायपिंगचं दुकान नव्या गाळ्यात हलवलं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर. दाराच्या उंबऱ्याला दगड होता, पायरी होती, पण नाही. म्हणे यंत्राचा मान यंत्रालाच. कॉम्प्युटर सुरू करून, त्याच्याच पत्र्याच्या डब्यावर ठाण्‌कन नारळ फोडला, आणि वर मलाच म्हणाले, "बघ, एका दणक्यात फुटला!"

फुटलं काय ते मला पुढे कळलं. त्या दिवसापासून आतून खर्र खर्र आवाज यायला लागला, आणि श्रावण लागता लागता कॉम्प्युटर सुरूच होईना.

एरवी मी दोन शब्द सुनावून गप्प बसले असते. पण त्याच्या आतल्या डिस्कवर अक्काची गाणी होती. अक्का म्हणजे माझी सासू, भिकुबाई. साक्रीकडच्या आमच्या गावात श्रावणातल्या एका रविवारी आमची खानदेशी देवी कानबाई बसली की रात्रभर गाणं उचलणारी तीच. ती उचलणार, मग बाकीच्या बाया मागून म्हणणार. गेल्या साली मात्र मधेच अडखळली, दोनदा अडखळली, आणि बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. घरी आल्यावर मला म्हणाली, "यशोदा, मन्हं ध्यान ऱ्हात नही आते. तू लिखी ले." म्हणून सगळा उन्हाळा दुपारच्या वेळी ती गायची आणि मी टाइप करायची. टाइप झालं की तिला वाचून दाखवायची, ती चुकलेलं सांगायची, मी पुन्हा वाचायची. कानबाईच्या आधी छोटं पुस्तक छापून गावात वाटायचं ठरलं होतं. छपाई सगळं झाल्यावर एकदम करू म्हटलं. फ्लॉपीवर उतरवून ठेवलं होतं, तर पावसाळी हवेनं फ्लॉप्यांना बुरशी आली. आणि अक्का तर आता रोज थोडं थोडं विसरत चालली होती. काल म्हटलेलं गाणं आज विचारलं तर नुसती बघत बसायची.

जळगावहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा अभयकुमार आला नवी डिस्क घेऊन. चांगला माणूस, पण त्याची बहुतेक गिऱ्हाइकं कापसाचे जिनिंगवाले, धान्याचे आडते. मराठीत टाइप करणारे आम्हीच. त्यानं डबा उघडला, आतली धूळ फुंकली, नारळाच्या पाण्याचे वाळलेले डाग बघून ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

"वहिनी, दोन्ही डिस्का एकत्र जोडतो," अभयभाऊ म्हणाला. "जुनी जरा वेळ फिरली तर तिच्यातलं नवीत ओढून घेऊ. किती वेळ चालेल ते तिच्या मर्जीवर. आधी काय घ्यायचं?"

"शाळेचे पेपर," हे म्हणाले. "चाचणी परीक्षा तोंडावर आलीय."

"पेपर मास्तर पुन्हा लिहून देतील," मी म्हटलं. "आधी कानबाई! एक अक्षर बोलू नका, सांगून ठेवते. नारळ कुणी फोडला?"

अक्का कोपऱ्यात खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. ती हात जोडून त्या डब्याकडे बघत होती, काय मागत होती ते विचारायची गरज नव्हती.

जुनी डिस्क कुरकुरत का होईना, फिरली. गाणी उतरली, सगळीच्या सगळी. मी तर ह्यांच्या हातावर साखर ठेवायची बाकी होते. मग शाळेचे पेपरही उतरले. नंतर आतून टक टक टक असं झालं आणि डिस्क जी बसली ती बसलीच. अभयभाऊनं तिला काढून बाजूला ठेवलं, नव्या डिस्कवर सगळं मांडलं आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, "उघडा वहिनी, तुमची कानबाई."

उघडलं. पडदाभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, नुसता चिवडा.

आम्ही तिघंही विसरलो होतो. मराठी अक्षरांचा साचा, तो फॉन्ट, जुन्या डिस्कवरच राहिला. तो असला तरच हे मराठी दिसतं. ज्यानं तो घालून दिला होता, त्याचं दुकान कधीचंच बंद पडलं होतं आणि फॉन्टच्या फ्लॉप्या बुरशी लागलेल्यांतल्याच. "दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट चालायचा नाही," अभयभाऊ पडक्या आवाजात म्हणाला. "हाच पाहिजे. नाशकात विचारतो, पण मिळेलच असं नाही." मला रागच आला, कुणाचा ते कळेना. अभयभाऊचा, ह्यांचा, स्वतःचा. कानबाई पुढच्या रविवारी होती.

अक्का उठून जवळ आली. पडद्याच्या अगदी पुढ्यात तोंड नेऊन बघितलं.

"लिखेल शे ना बठ्ठं?"

"आहे अक्का, सगळं आहे. पण वाचता येत नाहीये. नुसत्या खुणा दिसतायत."

"मले त रोज असंच दिखस," ती म्हणाली.

ह्यांना हसू येत होतं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. अक्का शाळेची पायरी चढली नव्हती हे मला ठाऊक नव्हतं का? पण सबंध उन्हाळाभर ती माझ्या शेजारी बसून पडद्याकडे बघत राहायची तेव्हा तिला काय दिसत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं पदर सारखा केला आणि तशीच उभ्यानं सुरू झाली, बारीक आवाजात.

"कानबाई निंघनी माहेरले, वाट झाडा वं बहिनी..."

आणि थांबली. ओठ हलले, शब्द येईना. चेहरा असा कावराबावरा झाला की मला बघवेना. माझ्या तोंडून आपोआप निघालं,

"पायले काटा ना लागो, पदर आथरा वं बहिनी."

तिनं माझ्याकडे बघितलं. पुढची ओळ मुद्दाम म्हटली नाही. मी म्हटली. त्याच्या पुढचीही म्हटली. टाइप करून, वाचून दाखवून, चुका सुधारून, पुन्हा वाचून, ते गाणं शेवटपर्यंत माझ्या तोंडात बसलं होतं. मग तिनं दुसऱ्या गाण्याचा नुसता पहिला शब्द दिला, मग तिसऱ्याचा. मी म्हणत गेले. अभयभाऊ हातात पेचकस धरून तसाच बसून राहिला.

"येस तुले बठ्ठं," अक्का म्हणाली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. "यंदा तू उचल. मी मांगून म्हनसु."

"अक्का, असं कसं? तुम्ही असताना?"

"मी शे तवयच उचल ना. मी शे तवलोंग मी आयकसु त." ती खुर्चीकडे वळली, हळूहळू बसली. "आते मी इसरनू तरी चाली."

मला रडू फुटलं. ह्यांच्यासमोर, अभयभाऊसमोर, काही लाज वाटली नाही.