जाड तारेचा बारीक आवाज

मी एक जुनी गिटार आहे. मित्रांनो, माणसाला जेव्हा बोलताही येत नव्हतं, तेव्हा लाकूड गात होतं. त्या अनादि नादाची मी वारसदार आहे. हे मी तुम्हाला न्हाणीघराच्या दाराशेजारच्या खिळ्यावरून सांगत आहे. बाजूला छत्री टांगलेली असते. तिचा नादाशी काही संबंध नाही.

एका अबोल सुताराने मला घडवलं. पातळ फळीचं पोट केलं आणि त्यावर सरसाने एक लाकडी पट्टी चिकटवली. तिला ब्रिज म्हणतात. सहाही तारांची टोकं तिथे अडकवलेली असतात आणि सहाही जणी अहोरात्र तिला उपटायला बघतात. सरस धरून ठेवतो. एवढ्यावरच माझा संसार उभा आहे.

ताई बारा वर्षांची होती तेव्हा मी या घरात आले. आता ती माझ्यावरच मुलांना गाणी शिकवते. "काय गोड आवाज आहे!" असं लोक म्हणतात, आणि बघतात ताईकडे. मला सवय आहे.

गेल्या महिन्यात माझ्या पोटात 'कट्' झालं. मी सोडून कुणालाच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सहावी तार, म्हणजे सगळ्यांत जाड, पुटपुटू लागली. बाकीच्या पाच जणी खणखणीत.

"हिचा घसा बसलाय," ताई म्हणाली.

इथे ताईच्या मामांचा प्रवेश होतो. मामा सायकली दुरुस्त करतात. त्यांच्या हातात सदैव पाना आणि नजरेसमोर सदैव काहीतरी ढिलं, म्हणून सगळे त्यांना पानामामा म्हणतात. त्यांनी आवळलेली साखरेची बरणी गेल्या वर्षापासून उघडलेली नाही.

"आवाज कमी म्हणजे ताण कमी," मामा म्हणाले. "आणखी जाड तार घाल, आणि आवळ!"

"मामा, ही सायकल नाहीये."

"सायकलच बरी. तिचे कधी एवढे नखरे नसतात."

जाड तार आली. मामांनी आवळली. कट्. दोन दिवस ती बरी बोलली, मग पुन्हा पुटपुट. मामांनी पुन्हा आवळली. कट्.

शेवटी ताई मला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तार छेडलीच नाही. बोटाने माझं पोट ठोकलं, कान लावला. मग टेबलावरचं बसचं जुनं तिकीट उचलून ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवलं. सहाव्या तारेच्या बाजूला निम्मं तिकीट आत गेलं.

ताईने वाकून पाहिलं.

"तार ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "तिच्याखालची पट्टी सुटतेय. ती बिचारी तेच सांगत होती आणि तुम्ही तिचाच कान पिळत बसलात. आणखी ताण दिलात तर पोटाची फळी घेऊनच उखडेल. मी सगळ्या तारा सैल करून देते. गुरुवारी चिकटवायला आणा. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"आमच्याकडे मामा आहेत हो."

"मग लपवून ठेवा."

"गिटार?"

"दोघांपैकी कुणालाही लपवलंत तरी चालेल."

आज बुधवार. ताई शिकवायला गेली आहे. माझ्यावर तिने 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली होती. ती मघाशी वाऱ्याने सुटून चपलांच्या कपाटामागे गेली.

तेव्हा मित्रांनो, वेळ थोडा आहे, बोध सांगून घेते. घरात एखाद्याचा आवाज बारीक झाला, तर त्याला 'मोठ्याने बोल' म्हणून दटावू नका. त्याच्याखाली काय सुटत चाललंय ते आधी बघा. जो…

न्हाणीघराचं दार उघडलं. नळ आवळून झालेला दिसतो. मामा हात पुसत माझ्यासमोर थांबले आहेत. त्यांनी एका बोटाने सहावी तार ओढून सोडली. धप्प.

"अरे देवा, सगळ्याच ढिल्या!" मामा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्यापैकी कुणीतरी पटकन साखरेची ती बरणी मामांच्या हातात द्या आणि 'उघडत नाही' म्हणून सांगा. गुरुवारपर्यंत पुरेल.